वहिनीचं दूध कुणी तोडलं

माझी वहिनी कपडे शिवत नाही, कापते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या ओळखीतली निम्मी माणसं अजून तिच्याकडे पँट आखूड करून घ्यायला येतात, आणि ती त्यांना दारातच सांगते, "मला सुई धरता येत नाही. पँट दोन तुकड्यांत हवी असेल तर आत या." तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कटर आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याचं यंत्र सगळ्या थरांतून एकदम फिरवायचं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा असतो, कारण पात्याला कापड काय आणि बोट काय, सारखंच. एखादा थर जरा सरकला तर ढीगभर सदरे एका बाहीनं आखूड होतात. त्यामुळे काम करताना वहिनी कुणाशी बोलत नाही, आणि बोलायला येणाऱ्याकडे अशी बघते की तो आल्या पावली परत जातो. कारखान्यातला सुपरवायझरसुद्धा तिला टरकून असतो.

आणि अशी ही बाई आमच्या घरात मात्र तोंडातून चकार शब्द काढायची नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली. काकांकडे थोडे दिवस, मामांकडे थोडे दिवस, अशी वाढली. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा आईनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला काय आवडतं खायला?" वहिनी म्हणाली, असं मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आठवून सांगते. ते तिनं मला नंतर कितीतरी वेळा सांगितलंय. तेव्हापासून आई म्हणेल ती पूर्व दिशा.

मी त्या घरातली मुलगी, म्हणजे तिची नणंद. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. नणंद वहिनीची बाजू घ्यायला लागली की लोकांना वाटतं, आत काहीतरी शिजतंय. शिजत काही नाही. माझं डोकं फिरलंय, एवढंच, आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

वहिनीला मुलगी झाली. डोळे इतके गोल की पहिल्या दिवसापासून तिला सगळे बटण म्हणायला लागले. बाळंतपणाची रजा सहा महिने होती, आणि ते सहा महिने वहिनीनं तिला अंगावरच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंब दिला नाही. दवाखान्यात तसं सांगितलं होतं. आईनं "घसा सुकतोय गं तिचा" म्हणून दोन-तीनदा चमचा पुढे केला, पण तेवढ्या बाबतीत वहिनी ऐकली नाही. सहा महिन्यांनंतर उकडून कुस्करलेला बटाटा, मऊ भातात घोटलेली डाळ, अंड्याचं पिवळं, केळं असं एकेक सुरू झालं. बटण खायची म्हणजे काय खायची! निम्मं पोटात, निम्मं केसांत, पण वाटी रिकामी. तेव्हा कारखाना आमच्या मागच्याच गल्लीत होता. जेवणाची सुट्टी झाली की वहिनी मोजा काढून टेबलावर टाकायची आणि धावत घरी. कोपरापर्यंत हात धुवायची, कारण खडूची पूड कुठं कुठं बसलेली असायची, आणि मग पोरीला पाजत पाजत दुसऱ्या हातानं स्वतः जेवायची. आई तिच्या ताटात गरम वाढत राहायची. ते सगळं आठवलं की मला अजून वाईट वाटतं, इतकं ते छान चाललेलं होतं.

बटण वर्षाची व्हायला आली आणि कारखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला हलला. दुपारी घरी येणं बंद. वहिनीनं आईला नीट समजावून सांगितलं, सकाळी काय भरवायचं, दुपारी काय, मधे काय, दूध द्यायचंच तर पेल्यातून थोडंसं. आईनं मान डोलावली. आईची मान फार छान डोलते. वहिनी संध्याकाळी आली की आल्या आल्या एकदा पाजायची, आणि पोरगी झोपताना एकदा. बाकी सगळा दिवस बटण आजी-आजोबांच्या ताब्यात.

दीडेक महिन्यात पोरगी जेवेनाशी झाली. वाटी समोर आली की तोंड घट्ट मिटायचं, मान फिरवायची, चमचा उडवायचा. आई ताट घेऊन तिच्यामागे घरभर फिरायची. बाबा मांजराचा आवाज काढायचे. एक घास गेला तर टाळ्या. अंगानं गुबगुबीत दिसायची, पण पांढरीफटक, आणि चिडचिडी. जिना चढून आणल्यावर ती कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकायची, म्हणजे चढायचं आम्ही आणि दमायचं तिनं. आणि एक नवीनच खूळ निघालं होतं, भिंतीचा रंग चाटायचं. वहिनीच्या पिशवीतला आखायचा खडू सापडला की तोंडात. त्यावर घरात किती हसलो आम्ही! बाबा म्हणायचे, "आईचा धंदा चालवणार. आत्तापासून मालाची चव बघतेय."

कारण काय असेल, यावर घरात एकमत व्हायला फार वेळ लागला नाही.

"अंगावरचं चालू आहे ना, म्हणून," आई म्हणाली. "वर्षानंतर त्यात काही सत्त्व राहत नाही. नुसतं पांढरं पाणी. पोट भरल्यासारखं वाटतं आणि भूक मरते."

मी म्हटलं, "आई, वहिनी तिला संध्याकाळी पाजते. संध्याकाळचं दूध दुपारची भूक कशी मारेल? ते काय उलटं चालत जातं?"

"तू गप्प बस. स्वतःला पोर झालं की मग शिकव."

आमच्या घरात हा मुद्दा निघाला की चर्चा संपते. चष्मा विकणारीला डोळ्यांतलं कळू शकतं, पण पोर न झालेलीला वेळेतलं पुढचं-मागचं कळू शकत नाही.

मग हे घराबाहेर गेलं. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई वहिनीच्या छातीकडे बघून बोलायला लागली. एक म्हणाली, काहीतरी कडूजहर लाव, दोन दिवसांत सोडेल. दुसरी म्हणाली, चालायला लागलेल्या पोराला पदराखाली घेतेस, लाज नाही वाटत? तिसरी म्हणाली, तुलाच सोडवत नसेल. हे तिसरीचं वहिनीला फार लागलं. मला म्हणाली, "अगं, दिवसभर मी तिला दिसत नाही. तेवढीच एक गोष्ट आहे जी माझ्याशिवाय तिला कुणी देऊ शकत नाही. ती पण सोडू?" आणि मग लगेच, "पण माझ्यामुळेच जेवत नसेल तर?" एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. ज्या बाईला टेबलावरचा केसभर फरक दिसतो, तिच्या मनात या लोकांनी असं पिल्लू सोडून दिलं होतं की तिला स्वतःच्याच दुधाचा संशय यायला लागला.

तिचं म्हणणं एकच होतं, आधी डॉक्टरांना दाखवू. आई म्हणाली, डॉक्टर बाटलीभर औषध लिहून देतील, त्यांचं काय जातं. दादा म्हणाला, "बघू." माझ्या दादाबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नाही. टेलिफोन दुरुस्त करतो, घरात आवाज चढवत नाही, पोरीला अंघोळ घालतो. पण त्याला सगळ्यांचंच पटतं. ज्याचं शेवटचं ऐकलं त्याचं खरं. वहिनीचं ऐकून झोपतो आणि सकाळी उठून आईचं ऐकतो.

अशात आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहते, बसनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, पण म्हणून तिला कुणी गप्प बस म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बटणला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आठ दिवस माझ्याकडे दे. आई दिसलीच नाही तर मागेल कुणाकडे? आपोआप तुटेल."

वहिनी म्हणाली, "नको आत्या. मी हळूहळू कमी करते. झोपतानाचं आधी बंद करते, मग संध्याकाळचं. पण डॉक्टरांना दाखवून."

सगळे "बरं बरं" म्हणाले. आईची मान डोलली. मला वाटलं, चला, मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून आले तेव्हा वहिनी नुकतीच आली होती. बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होती. धुता धुताच तिनं हाक मारली, "बटण्या, आले गं मी." टॉवेलला हात पुसत सदऱ्याचं वरचं बटण काढत ती स्वयंपाकघरात आली. "कुठंय?"

आई भाजी ढवळत होती. वळून न बघता म्हणाली, "आत्या घेऊन गेली. दुपारच्या गाडीनं. तुझ्यासमोर नेली असती तर दोघी रडला असतात, म्हणून."

वहिनीनं दादाकडे पाहिलं. दादा बाहेरच्या खोलीत टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता. त्याला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. त्यानंच पिशवी भरून दिली होती.

मी तोंडाला येईल ते बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्यांनी दारं उघडली, एवढ्यावरून काय ते समजा. कापड कापायच्या आधी माणसं चारदा विचारतात, आणि इथं चालत्या-बोलत्या बाईचं दूध तिला न विचारता तोडून टाकलं, ती कामावर गेलेली बघून! चोरून नेलेल्या वस्तूची निदान तक्रार करता येते.

वहिनी खुर्चीवर बसली. तिच्या सदऱ्यावर हळूहळू दोन ओले डाग मोठे होत गेले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिची चादर दिलीत का बरोबर? तिला ती लागते झोपताना."

"दिली गं," आई म्हणाली. "सगळं दिलं."

वहिनीनं फोन लावला, तर तिचा आवाज ऐकून बटण तिकडे जोरात रडली. आत्या म्हणाली, "बघ, तुझ्या आवाजानं आठवण होते तिला. फोन करू नकोस." म्हणजे आवाजही गेला. दादा समजावत राहिला, आत्ता परत आणलीस तर पुन्हा पहिल्यापासून रडावं लागेल तिला, चार दिवस काढ. कारखान्यात मोठी ऑर्डर लागली होती, रजा मिळणार नव्हती.

वहिनीची छाती दगडासारखी झाली. ताप भरला. आणि इथं मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण तिची सेवा कुणी केली? आईनं. थंड पाण्याच्या घड्या आईनं ठेवल्या, तिच्या तोंडात घास आईनं भरवले, केसांवरून हात फिरवत आई म्हणत राहिली, "होतं असं, सोस थोडं. मलाही माझ्या सासूनं असंच तोडायला लावलं होतं, ही एवढीशी होती तेव्हा. मेले का मी?" ही म्हणजे मी. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आई हे सांगताना हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती, आणि तरीही तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

ताप उतरल्यावर वहिनी कामावर गेली. दुपारच्या सुट्टीत बेसिनपाशी उभी राहून ती दूध पिळून टाकायची. बरोबरीच्या बायका शेजारचे नळ मोठे सोडून ठेवायच्या, म्हणजे बाहेर काही ऐकू जायला नको. हे मला त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. तुम्हाला वाटेल, या सगळ्यात वहिनीच्या हातून एखादा ढीग चुकीचा कापला गेला असेल. नाही गेला. एक धागा चुकला नाही. तिचं काम चोख चाललं होतं म्हणून घरी सगळ्यांचं म्हणणं, "बघा, सावरली."

आठ दिवसांनी आत्या बटणला घेऊन आली. पोरीनं आईला ओळखलं, दोन्ही हात पसरून झेप घेतली. वहिनी तिला घेऊन आतल्या खोलीत गेली. मी तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होते. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस गं." पलंगावर टेकून तिनं बटणला मांडीवर आडवी घेतली, पूर्वीसारखी. बटणनं वर पाहिलं. एक बोट लावून पाहिलं. हसली. मग उठून बसली, खाली उतरली आणि लुटूलुटू चालत आत्याच्या पिशवीकडे गेली. पिशवीत दुधाची बाटली होती.

आई दारात उभी होती. "सुटलं गं बाई एकदाचं!" असं म्हणून तिनं हात जोडले. खरंच आनंद झाला होता तिला. वहिनीनं सदऱ्याची बटणं लावली आणि कणीक मळायला उठली.

आता दूध तुटलं होतं, तर पोरगी जेवायला हवी होती की नाही? नाही जेवली. उलट होती त्याहून पांढरी झाली होती. आत्या गेली त्या संध्याकाळी वहिनीला ती बाल्कनीत कुंडीतली माती खाताना सापडली. वहिनीनं तिचं तोंड धुतलं, हात धुतले, आणि बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना सांगितलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे. सगळे. कुणी कामावर जायचं नाही." तो कारखान्यातला आवाज होता. दादा 'बघू' म्हणायला तोंड उघडत होता, ते त्यानं मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी बटणची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, बोटाला टोचून रक्त तपासलं. रक्त फारच कमी होतं. "माती, खडू, भिंत, असलं काही खाते का?" त्यांनी विचारलं. बाबांचा चेहरा उतरला. तो विनोद त्यांनी पन्नास लोकांना सांगितला होता.

"वरचं दूध किती पिते?"

"फार नाही हो," आई म्हणाली. "सकाळी एक बाटली देते मी. आणि जेवणाआधी अर्धी. म्हणजे पोटाला आधार."

"आणि एक मी देतो," बाबा म्हणाले. "ही अंघोळीला गेली की."

आई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही कधीपासून?"

"रडते गं ती. मग करू काय? आणि दुपारची एक."

"दुपारची मी देते!"

"ती तू नंतर देतेस. मी आधी देतो."

दादानं घसा खाकरला. "मी निघताना एक देतो. मागे लागते म्हणून."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "दुधाशिवाय आणखी काही?"

"बिस्किट," बाबा म्हणाले. "चहात बुडवून. आणि बशीतला चहा, आपले दोन घोट."

"अगंबाई," आई म्हणाली, "मी पण देते की चहातलं बिस्किट! दोनदा!"

मी या बाबतीत धुतल्या तांदळासारखी होते असं नाही, येताना एखादं केळं मीही आणायची. पण त्या बाटल्या ऐकून मलाच गरगरायला लागलं. घरातला प्रत्येक माणूस समजत होता की आपण एकटेच तिला गुपचूप थोडंसं देतोय, आणि बाकीचे तिला उपाशी ठेवताहेत. वहिनीनं घालून दिलेलं वेळापत्रक सगळ्यांनी मिळून पाळलं नव्हतं, आणि एकमेकांपासून लपवलं होतं. मग भरल्या पोटाच्या पोरीसमोर वाटी धरायची आणि ती तोंड फिरवते म्हणून तिच्या आईला दोषी धरायचं!

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी शांतपणे सांगितलं. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. ते एवढं पोटात गेलं की जेवायला जागा राहत नाही आणि रक्त कमी होतं. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते, माती-खडू खावासा वाटतो. वर चहा, म्हणजे जेवणातून जे काही लोह मिळेल तेही अंगाला लागत नाही. बाटली आजपासून बंद. दूध पेल्यातून, दिवसाला दोन पेल्यांच्या वर नाही, आणि तेही जेवणानंतर. चहा अजिबात नाही. घरातले जेवतात तेच, कमी तिखट-मिठाचं, मऊ करून, तीनदा, आणि मधे दोनदा काहीतरी. डाळी, अंडं, खात असाल तर मांस-मासे, हिरवी भाजी, फळ. सगळ्यांबरोबर बसवा, स्वतःच्या हातानं खाऊ द्या, सांडू द्या. ताट घेऊन मागे पळू नका. तिचं पोट तिच्या मुठीएवढं आहे. लोहाचे थेंब लिहून दिले.

"आणि अंगावरचं चालू आहे ना?" त्यांनी वहिनीला विचारलं. "ते राहू द्या. दोन वर्षांपर्यंत, त्याच्या पुढेही, तुम्हा दोघींना हवं तोवर. त्याचा जेवणाला काही अडथळा नाही. आजारी पडली की तेवढंच पोटात जातं, फार उपयोगी पडतं."

"बंद झालं," वहिनी म्हणाली. "मागच्या आठवड्यात."

"का?"

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "ती जेवत नव्हती म्हणून."

डॉक्टरीणबाई आमच्यातल्या एकेकाकडे बघत राहिल्या. मग वहिनीला म्हणाल्या, "घेऊन बघत राहा. कधी कधी येतं परत. जबरदस्ती मात्र करू नका."

बाहेर आल्यावर बाबा वहिनीला म्हणाले, "पोरी, चुकलं माझं." ते एकटेच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी बशीतून चहा प्यायचं सोडलं, कपातून पितात, आणि पोरगी जवळ आली की कप उंच धरतात. दादा वाटेत सारखं "मला काय माहीत" म्हणत होता. माहीत नव्हतं हे खरंच, पण म्हणूनच तर बायको आधी डॉक्टरकडे चला म्हणत होती!

वहिनी रोज संध्याकाळी हात धुऊन बटणला घेऊन बसायची. बटणला तो खेळ वाटायचा. ती पोटावर टिचक्या मारायची, नाकानं ढुशी द्यायची, खिदळायची आणि पळून जायची. दूधही आटत चाललं होतं. मग एका संध्याकाळी वहिनी हात धुऊन सरळ स्वयंपाकाला लागली.

थेंबांनी आणि जेवणानं बटण सुधारली. दोनेक महिन्यांत गालांवर रंग आला, खडूकडे ढुंकून बघेना, ताटात काय पडतंय ते वाकून बघायला लागली. अंडं तर असं खाते की बघणाऱ्याला भूक लागावी. इतपत सगळं गोड झालं असतं तर मी लिहायला बसले नसते.

पण मग आईनं सांगायला सुरुवात केली. आधी फोनवर, मग जिन्यात, मग येईल त्याला. "आमची बटण वर्षभर अन्नाला शिवत नव्हती. वन्संनी आठ दिवस नेली, अंगावरचं सोडवलं, आणि बघा आता कशी जेवते!" त्यात बाटल्या नाहीत, चहा नाही, रक्त नाही, डॉक्टर नाही. मी पहिल्यांदा तिला मधेच थांबवलं तर म्हणाली, "तेच ते. सोडवल्यानंतरच जेवायला लागली ना?" बटण वर्षभर जेवत नव्हती हेही खोटं, पण ते खोटं बोलतेय असं तिच्या मनातही नाही. तिला तसंच आठवतं. आत्यालाही तसंच आठवतं. एकदा पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, "हो ना, आत्यानं कमाल केली," तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याला ठसका लागला. वहिनी प्रत्येक वेळी तिथं असायची. पाहुण्यांना पाणी द्यायची, पेले गोळा करायची.

गेल्या रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरची नवी सून आली. कडेवर दहा-अकरा महिन्यांचा मुलगा. जेवत नाही म्हणत होती, रडवेली झाली होती. आईनं तिला बसवलं आणि गाडी सुरू केली. अंगावरचं, सत्त्व नसतं, वन्सं, आठ दिवस. ती मुलगी मान हलवत ऐकत होती. म्हणाली, "माझ्या नणंदबाई पण म्हणतायत, आमच्याकडे दे म्हणून."

वहिनी बटणला भरवत नव्हती, बटण स्वतःच खात होती, वहिनी नुसती शेजारी बसली होती. ती उठली आणि त्या मुलीसमोर येऊन उभी राहिली.

"याला दिवसभरात कोण काय देतं, ते आधी एकेकाला वेगवेगळं विचार," ती म्हणाली. "बाटली कोण देतं, बिस्किट कोण देतं. नंतर डॉक्टरकडे ने. अंगावरचं तुला सोडायचं असेल तेव्हा सोड, हळूहळू, तुझं तू. आणि पोराला कुणी घेऊन जातो म्हणालं तर कामावर जाऊ नकोस. दार लावून घरात बस."

त्या मुलीनं एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि पोराला सावरत "येते" म्हणून गेली.

आईचा चेहरा पार पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "मी काय वाईटासाठी केलं होतं का गं?"

"नाही, आई," वहिनी म्हणाली. "वाईटासाठी केलं असतंत, तर त्याच संध्याकाळी मिळेल ती गाडी पकडून मी तिला परत आणली असती."